दारावरची कोरफड आणि शाळेतील कोरफड

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या अलीकडे, गोखिवरे हे गाव वसलेले आहे. मूळचे हे भातशेतीचे गाव. पुढे येथे कारखान्यांचे गाळे उभे राहिले, चाळी वाढल्या, निरनिराळ्या प्रांतांतून आलेली श्रमिक कुटुंबे स्थायिक झाली; 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाल्यावर गाव तिच्या हद्दीत गेले व 2014 साली पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर या जिल्ह्यात मोडू लागले. येथील चाळींतून वा दुकानांच्या रांगेतून सहज फेरी मारली, तर कित्येक दारांवर एक गोष्ट दृष्टीस पडते. चौकटीला सुतळीने बांधलेली कोरफड, मुळे वर व शेंडा खाली अशी टांगलेली असते. दृष्ट लागू नये, एवढाच ती बांधणाऱ्याचा हेतू असतो. तिला माती नसते, कोणी पाणी घालीत नाही. तरीही ती महिनोन्‌महिने हिरवी राहते आणि तिच्या पानांची टोके हळूहळू उजेडाकडे वर वळू लागतात.

याउलट चित्र शाळांच्या अंगणात पुष्कळ वेळा दिसते. जूनमध्ये मोठ्या हौसेने कोरफडीची रोपे लावली जातात. प्रत्येक रोपास एकेक विद्यार्थी नेमला जातो. मुले रोज सकाळी तांब्या भरून पाणी घालतात. पाऊस पडत असला तरी नेमून दिलेले काम म्हणून घालतात. गणेशोत्सवाच्या सुमारास पाने मऊ पडतात, बुडाशी तपकिरी होतात व एके दिवशी हात लावताच संपूर्ण रोप उपटून हातात येते. मग ‘ही जमीन कोरफडीस मानवत नाही’ किंवा ‘मुलांनी काळजी घेतली नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. जमिनीत सुधारणा करता येते, आणि मुलांनी काळजी घेतली नाही असे नसून ती अतोनात घेतली, हेच रोप मरण्याचे कारण असते. दारावरची कोरफड उपेक्षेत तग धरते व शाळेतील कोरफड मायेने कुजते, या विसंगतीचा उलगडा शिक्षकाने करून घेतला व मुलांना करून दिला, तर एका कुंडीतून वर्षभराचा पाठ मिळू शकतो. त्या दृष्टीने कोरफडीची लागवड, तिची निगा, तिच्या उपयोगातील सावधगिरी व वर्गातील प्रयोग यांची माहिती पुढे दिली आहे.

वनस्पतीची ओळख

संस्कृतात कोरफडीस कुमारी वा घृतकुमारी म्हणतात. हिंदीभाषक कुटुंबांतील मुले तिला ग्वारपाठा या नावाने ओळखतात. शास्त्रीय नाव ‘ॲलो व्हेरा’ असे आहे. या कुलप्रकारात पाचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिका, मादागास्कर व अरबस्तान या प्रदेशांतील आहेत. आपल्या परिचयाची कोरफड शतकानुशतके भारतात नांदत असली, तरी तिचे मूळ स्थान अरबस्तानच्या द्वीपकल्पात असावे, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसते.

निवडुंग, घायपात व कोरफड यांची गल्लत मुलेच काय, मोठी माणसेही करतात. निवडुंगाचे मांसल दिसते ते खोड असते. कोरफडीचे मांसल दिसते ते पान असते. घायपाताचे पान चिवट व धागेदार असून त्याच्या टोकाला कठीण काटा असतो. ते मूळचे अमेरिकेतील असून आयुष्यात एकदा उंच तुरा येऊन ते मरते. कोरफडीचे पान मोडले असता आत पारदर्शक गर लागतो, तिच्या कडेचे काटे तुलनेने मऊ असतात आणि जाणत्या झाडास वर्षामागून वर्षे पिवळ्या फुलांचा दांडा येऊ शकतो. ही तीन झाडे शेजारी शेजारी दाखविता आली, तर चौथीच्या मुलांकडून हा भेद निरीक्षणानेच वदवून घेता येतो.

उलगड्याचे मूळ

ज्या प्रदेशात कोरफड घडली तेथे पाणी दुर्मीळ आहे. ओमानमधील मस्कत शहरी वर्षाकाठी सरासरी 100 मिलिमीटरांच्या आतबाहेर पाऊस पडतो. वसई तालुक्यात तो 2000 मिलिमीटरांच्या घरात किंवा त्याहून अधिक पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे मस्कतला सुमारे वीस वर्षांत पडणारे पाणी येथे एका पावसाळ्यात कोसळते. हा भागाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. कोरफडीला पावसाळ्यात तांब्याभर पाणी का नको, हे निराळे सांगावे लागणार नाही.

अशा रखरखीत प्रदेशात टिकण्यासाठी कोरफडीने तीन सोयी केलेल्या आहेत. पहिली सोय साठ्याची. तिच्या गराचा 98 टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. प्रत्येक पान म्हणजे एकेक भरलेला रांजण होय. दुसरी सोय झाकणाची. पानावर मेणासारखा गुळगुळीत थर असल्याने आतील पाणी सहसा बाहेर जात नाही. तिसरी सोय सर्वांत नवलाची आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून कर्बवायू आत घेतात. परंतु छिद्रे उघडताच पाण्याची वाफही बाहेर जाते. कोरफड दिवसा ही दारे मिटून ठेवते व रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री घेतलेला कर्बवायू ती आम्लाच्या रूपाने साठविते आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनविते.

या रीतीचा एक जुना सुगावा भारतातच लागला होता, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव व संध्याकाळी कडवट लागते, असे बेंजामिन हाइन नावाच्या दक्षिण भारतात काम करणाऱ्या वनस्पतिज्ञाने 1813 साली एका पत्रात नमूद केले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा खर्ची पडते म्हणून चव बदलते, हा त्याचा अर्थ पुढे कळला. कोरफडही याच पंथातील आहे. मात्र ही हकीकत सांगताना कोणतेही पान मुलांना चाखू देऊ नये. पानफुटीत विषारी द्रव्ये असतात.

आता दारावरच्या कोरफडीचे कोडे सुटते. ती चमत्काराने जगत नसून साठ्यावर जगते. पाने हळूहळू पातळ होतात, बाहेरची पाने सुकून आतल्यांना पाणी देतात आणि साठा संपला की तीही मरते. शाळेतील कोरफडीचे दुखणे याच्या उलट असते. मुळांनाही श्वासोच्छ्वासासाठी हवा लागते. माती सतत ओली राहिली म्हणजे तिच्यातील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात व बुरशीस वाव मिळून ती कुजतात. तहानलेली कोरफड पाणी मिळताच सावरते. मुळे कुजलेली कोरफड आणखी पाणी घालून सावरत नाही. निगा राखण्याचे सारे नियम या एका वाक्यातून निघतात.

कुंडी व माती

कोरफडीस मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या अंगातून ओलावा बाहेर पडतो. 20 ते 25 सेंटिमीटर रुंदीची कुंडी एका रोपास पुरते. मुळे फार खोल जात नसल्याने खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. कुंडी विकत घेण्याची ऐपत नसल्यास तेलाचा रिकामा डबा किंवा फुटका माठ चालतो. मात्र तळाला बोटभर रुंदीची दोन-तीन छिद्रे अवश्य पाडावीत व त्यांवर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. कुंडीखाली ताटली ठेवू नये. तीत साचणारे पाणी मुळांना घातक असतेच, शिवाय त्यात डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास होते.

सखल भातखाचराची चिकण माती जशीच्या तशी वापरल्यास ती पावसाळ्यात चिखल होते व उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट बसते. यास्तव साधी माती एक भाग, जाड वाळू किंवा विटांची भरड एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत अर्धा भाग असे मिश्रण करावे. ज्या गावात बांधकामे चालू असतात तेथे विटांचे तुकडे फुकट मिळतात. ते कुटून वाटाण्याएवढे केले की वाळूची गरज भासत नाही. समुद्रकिनाऱ्यावरील किंवा खाडीची वाळू खारट असल्याने वापरू नये. डोंगराच्या पायथ्याची मुरमाड माती मिळत असेल, तर तीत थोडे शेणखत मिसळणे पुरेसे होते. मिश्रण जमले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. कुंडी भरून तांब्याभर पाणी ओतावे. ते पृष्ठभागावर न रेंगाळता लवकर खाली उतरून छिद्रांवाटे बाहेर आले, म्हणजे मिश्रण योग्य.

जमिनीत लागवड करावयाची झाल्यास 30 सेंटिमीटर उंचीचा वाफा बांधावा, कडेने चर ठेवावा आणि दोन रोपांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर राखावे. शालेय पोषण आहाराच्या परसबागेत मुलांनी हात धुतलेले पाणी सोडण्याची पद्धत असते. ती चांगली आहे. तथापि त्या पाटाच्या काठी अळू किंवा केळ लावावी. कोरफडीची जागा बागेतील सर्वांत उंच व कोरड्या कोपऱ्यात असावी.

ऊन व पाणी

सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा कोरफडीस मानवते. अंधाऱ्या खोलीत पाने लांबट, फिकी व लोळणारी होतात. याउलट सावलीतील रोप एकदम वैशाखाच्या उन्हात ठेवल्यास पाने तांबूस पडतात. जागा बदलावयाची असेल तर आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ उन्हात ठेवून रोपास सवय करावी.

पाण्याचा नियम दिवसांवर नसून मातीवर अवलंबून आहे. बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावे. आत ओलावा लागला तर पाणी घालू नये. माती कोरडी लागली तर छिद्रांतून पाणी बाहेर येईपर्यंत एकदाच भरपूर घालावे व पुन्हा कोरडी होईपर्यंत थांबावे. रोज चमचा-चमचा पाणी घालण्याची रीत सर्वांत वाईट. अंदाजाने सांगावयाचे तर येथील हवेत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी व हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी पाणी लागते. पावसाळ्यात उघड्यावरील रोपास पाणी लागतच नाही. उलट त्याचे पावसापासून रक्षण करावे लागते. जून उजाडण्यापूर्वी कुंड्या व्हरांड्याच्या कडेला, पागोळ्या पडणार नाहीत परंतु उजेड मिळेल अशा ठिकाणी हलवाव्यात. पाणी बुडाशी घालावे. पानांच्या मधोमध असलेल्या कोंबात साचू देऊ नये.

शाळेच्या दृष्टीने कोरफडीचा एक मोठा गुण येथे सांगितला पाहिजे. उन्हाळ्याच्या सुटीत पाणी घालणारे कोणी नसल्याने शाळांच्या बागा करपतात व जूनमध्ये आरंभापासून सुरुवात करावी लागते. सुटीच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी घालून सावलीच्या बाजूस ठेवलेली जाणती कोरफड पाच-सहा आठवडे सहज काढते. ती थोडी रोडावते, परंतु शाळा उघडताच मुलांना भेटते.

पिल्ले व नवी रोपे

कोरफडीस आपल्याकडे बी क्वचितच धरते. तिची वाढ होते ती बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांनी. पिल्लू 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचे व चार-पाच पानांचे झाले, म्हणजे ते वेगळे करण्यास योग्य समजावे. आदल्या दोन-तीन दिवसांपासून पाणी बंद ठेवून कुंडीतील माती मोकळी करावी व पिल्लू शक्य तर मुळांसह अलग करावे. आईच्या झाडास जोडणारा देठ धारदार सुरीने कापावा. हे काम शिक्षकाने स्वतः करावे.

येथे बहुतेकांकडून एक चूक होते. कापलेले पिल्लू ते ताबडतोब ओल्या मातीत लावतात व पाणी घालतात. कापलेली जागा ही जखम होय. तीवर खपली धरण्यासाठी पिल्लू दोन-तीन दिवस सावलीत तसेच कोरडे ठेवावे, मग कोरडसर मातीत लावावे आणि पहिले पाणी चार-पाच दिवसांनी द्यावे. गुडघा खरचटला की खपली का धरते, हे ज्याने अनुभवले आहे त्या मुलास ही गोष्ट लगेच पटते.

कोरड्या प्रदेशात पावसाच्या आरंभी लागवड करणे सोयीचे असले, तरी वसईसारख्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पिल्ले लावणे हितावह ठरते. नव्या मुळांना थंडीचे कोरडे महिने मिळतात व पुढील पावसाळ्यापर्यंत रोप जाणते होते.

दुखणी व उपाय

पाने पातळ होऊन आत वळली, तर रोप तहानलेले आहे असे समजावे. पाने मऊ, पाणथळ व बुडाशी तपकिरी झाली, तर पाणी अधिक झाले आहे. दोन्ही वेळा पाने मलूल दिसत असल्याने उतावीळ माणूस दोन्ही वेळा पाणीच घालतो. यास्तव आधी बोटाने माती पाहावी, मग निर्णय घ्यावा. कूज लागलेले रोप उपटून मुळे धुवावीत, कुजलेला भाग निरोगी भाग लागेपर्यंत कापून टाकावा, रोप पिल्लाप्रमाणेच सावलीत वाळवून नव्या कोरड्या मातीत लावावे. कोंब शाबूत असेल तर पुष्कळदा रोप वाचते.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने ते पुसून काढावेत व चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पाने कुरतडतात. त्या सायंकाळी वेचून दूर कराव्यात, मात्र मुलांना उघड्या हाताने हाताळू देऊ नयेत. शाळेच्या आवारात विषारी फवारणी करण्याचे कारण पडत नाही.

उपयोग व सावधगिरी

कोरफड औषधी आहे, हे प्रत्येक घरी ठाऊक असते. ती कोठे अपाय करते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. पानात दोन निराळे पदार्थ असतात. मधला पारदर्शक गर सौम्य असतो. सालीच्या लगेच आत पिवळा, कडू चीक असतो; हाच वाळवून केलेला काळा बोळ बाजारात मिळतो. हा चीक तीव्र रेचक असून त्याने पोटात मुरडा, जुलाब व शरीरातील क्षारांची तूट होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2002 साली चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड वगळावयास लावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, चीक न काढलेल्या संपूर्ण पानाच्या अर्काची गणना माणसास कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांत केली आहे. यास्तव शाळेत कोरफडीचा रस काढून मुलांना पाजण्याचा उपक्रम कोणीही करू नये. लहान मुले, गर्भवती व स्तन्यदा माता यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ती पोटात घेऊ नये.

बाहेरून लावण्यासाठी दोन वर्षांच्या झाडाचे सर्वांत बाहेरचे पान बुडापासून कापावे, कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटे उभे धरावे म्हणजे पिवळा चीक निथळून जातो. मग पान धुऊन, साल काढून गर घ्यावा. प्रथम मनगटाच्या आतील बाजूस थोडा लावून दिवसभर वाट पाहावी. खाज वा पुरळ उठल्यास वापरू नये. स्वयंपाकघरात हात भाजल्यास धावून कोरफड कापणे हा पहिला उपाय नव्हे. पहिला उपाय म्हणजे भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरणे. त्यानंतर किरकोळ, कातडी न फुटलेल्या भाजण्यावर गर लावण्यास हरकत नाही. फोड आलेल्या, खोल किंवा तळहाताहून मोठ्या भाजण्यास, तसेच चेहऱ्यावरील भाजण्यास काहीही न लावता दवाखाना गाठावा.

वर्गातील प्रयोग

पालघर जिल्ह्यातील शिक्षकास आपल्याच परिसरात या कामाचा आदर्श आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखावयास जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून तेथे कुरणशाळा निघाल्या. पाने, बिया, शंखशिंपले हीच तेथील शैक्षणिक साधने झाली. मुलाच्या भोवती जे आहे तेथून पाठास आरंभ करावा, ही त्यांची रीत. गोखिवऱ्याच्या चाळीतील मुलाभोवती कुरण नाही; परंतु त्याच्या दारावर कोरफड आहे.

पहिला प्रयोग पिशवीचा. ऊन असलेल्या दिवशी जास्वंदीच्या एका पानभरल्या फांदीवर व कोरफडीच्या एका पानावर पारदर्शक पिशवी सैलसर बांधावी. दोन-तीन तासांनी जास्वंदीच्या पिशवीत थेंब दिसतात. कोरफडीच्या पिशवीत फारच थोडे दिसतात किंवा दिसत नाहीत. दुसरा प्रयोग वजनाचा. जास्वंदीची मूठभर पाने व कोरफडीचे एक पान सावलीत ठेवून दर दोन दिवसांनी किराणा दुकानातील काट्यावर तोलावे व आकडे फळ्यावर लिहावेत. जास्वंदीची पाने चार दिवसांत कोरडी होतात. कोरफडीचे पान आठवडे काढते. यातून वजाबाकी, शेकडेवारी व आलेख हे तिन्ही पाठ निघतात.

तिसरा उपक्रम वहीचा असून तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘पाणी घालण्याची पाळी’ बंद करून तिच्या जागी ‘पाहण्याची पाळी’ सुरू करावी. वहीत पाच रकाने असावेत: दिनांक, माती ओली की कोरडी, पानांची स्थिती, पाणी घातले की नाही, व कारण. ज्या मुलाने ‘माती ओली होती, म्हणून पाणी घातले नाही’ असे लिहिले, त्याने त्या दिवसाचे काम पूर्ण केले असे शिक्षकाने त्यास स्पष्ट सांगावे. मुलांस काहीतरी करण्याची सवय असते. पाहून, विचार करून थांबणे हेही काम आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

एवढे करूनही एखादे रोप कुजेल. ज्या मुलाचे रोप कुजते त्याच्या मनाला ते लागते. ‘मी तर रोज पाणी घालत होतो’ असे तो कळवळून सांगतो. अशा वेळी त्यास हलगर्जी ठरविणे अन्यायाचे होईल. रोप त्याच्यासमवेत उपटावे, मुळे त्याला दाखवावीत, निरोगी मूळ पांढरट व टणक कसे असते आणि कुजलेले काळपट व लिबलिबीत कसे होते हे त्याच्याच बोटांनी पाहू द्यावे आणि दुसरे पिल्लू त्याच्याच हाती द्यावे. शाळा या मुलास पुन्हा विश्वासाने काम देते, हा अनुभव त्या रोपाहून मोलाचा आहे.

दारावर कोरफड टांगणाऱ्या घरांची टवाळी मात्र वर्गात होऊ देऊ नये. मुलाने आईवडिलांची श्रद्धा व गुरुजींचे शास्त्र यांच्या कात्रीत सापडावे, असे काही करू नये. ‘ती पाण्यावाचून इतके दिवस कशी जगली?’ एवढाच प्रश्न विचारून मुलास घरी पाठवावे. तो पाने मोजील, टोके वर वळलेली पाहील, आजीस विचारील आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येईल.

वर्षाच्या शेवटी

एका चांगल्या वाढलेल्या झाडाभोवती कालांतराने अनेक पिल्ले जमतात. दिवाळीच्या सुटीनंतर लावलेली पिल्ले मार्चपर्यंत मूळ धरतात. शाळेने ती विकू नयेत; चौथी किंवा पाचवी पूर्ण करून शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलास एक रोप व त्याची निरीक्षणवही द्यावी. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात अशा घरातही खिडकीच्या कट्ट्यावर एक वीत जागा निघते. ज्या कुटुंबाचे अंगण दूर गावी राहिले, त्याच्या येथील घरात या निमित्ताने एक हिरवे झाड नांदेल. भाडेकरू कुटुंबांना वरचेवर घर बदलावे लागते. कोरफड तेही सहन करते, कारण दोन-चार आठवडे मातीवाचून राहणे तिला नवे नाही.

पुढील जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नवी मुले येतील आणि पहिल्याच दिवशी तांब्या घेऊन कुंडीकडे धावतील. शिक्षकाने त्यांच्या हातातील तांब्या हळूच बाजूस ठेवावा व म्हणावे, ‘आधी बोट घालून माती पाहा, मग मला सांग.’ कोरफडीच्या निगेचा आरंभ येथून होतो आणि निरीक्षणाच्या शिक्षणाचाही.